बत्तीस स्लाइड्स आणि साबणाचं पाणी

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने मेसच्या रांगेत सांगितलं, तेव्हा मागच्या चार-पाच जणी मोठ्याने हसल्या. त्याला कारण आहे. मी पक्की कॉन्व्हेंटवाली! वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड, अशा शाळेत दहा वर्षं काढलेली. त्यामुळे 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' यांतला फरक कळायला मला अजून दोन सेकंद लागतात, आणि रिक्षावाल्याने 'पंचेचाळीस' म्हटलं की मी गपचूप पन्नासची नोट पुढे करते. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता, कारण यातली गोष्ट मराठीत घडली. किंबहुना मी ती इंग्रजीत सांगत होते तोवर काही घडलंच नाही!

गोष्ट माझ्या मामाची आहे. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मामाचं छोटं मशीन शॉप आहे. आसपासच्या फाउंड्र्यांमधून कास्टिंग येतात, मामाकडे त्यांचं मशीनिंग होतं आणि चलान करून माल परत जातो. चार सीएनसी टर्निंग मशीन, एक व्हीएमसी, एक ड्रिलिंग मशीन आणि कोपऱ्यात मामाने ज्याच्यावर धंदा सुरू केला ते जुनं लेथ. दोन शिफ्ट, माणसं चौदा.

मी मेकॅनिकलची. सेकंड इयरला 'इंडस्ट्री फोर पॉइंट झीरो' या विषयावर सेमिनार दिला आणि टाळ्या मिळाल्या. झालं! मला वाटायला लागलं की आता आपण मामाचा उद्धार करायचा. २०२४ च्या दिवाळीत भाऊबीजेला आई माहेरी निघाली, तिच्याबरोबर मीही निघाले, आणि माझ्या बॅगेत फराळाच्या डब्याखाली लॅपटॉप होता. त्यात बत्तीस स्लाइड्स!

जेवणं झाल्यावर मी टीव्हीला वायर जोडली. मामा, मामी, आजोबा, आई असे सगळे सोफ्यावर. मी सुरू केलं. मशीनला सेन्सर, सेन्सरचा डेटा क्लाउडवर, क्लाउडवरून डॅशबोर्ड, डॅशबोर्डवरून 'रिअल टाइम व्हिजिबिलिटी'. मामा चकली खात ऐकत होता. एकोणिसाव्या स्लाइडला त्याचे डोळे मिटले. मी आवाज वाढवला. तो दचकून जागा झाला आणि म्हणाला, "छान हाय. किती?"

मी म्हटलं, "फोर पॉइंट फाइव्ह लॅक्स, मामा. इनिशियली."

"साडेचार लाख. बरं. आणि लाईट गेल्यावर?"

या प्रश्नाची स्लाइड माझ्याकडे नव्हती.

"आणि हे कळलं, की मशीन किती वेळ चाललं. मग पुढं काय? मी काय करायचं?"

याचीही नव्हती.

मग मामा मला काही न बोलता दुसऱ्या दिवशी शॉपवर घेऊन गेला. त्याच्या केबिनमध्ये एक कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर टॉवेल पांघरलेला, आणि टॉवेलवर खंडेनवमीच्या पूजेचा वाळलेला हार. काही वर्षांपूर्वी एका माणसाने असंच प्रेझेंटेशन देऊन मामाला अडीच लाखांचं सॉफ्टवेअर विकलं होतं. स्टोअर, चलान, हजेरी, सगळं त्यात होणार होतं. दोन महिने ट्रेनिंग झालं, मग तो माणूस फोन उचलेना. तेव्हापासून त्या कॉम्प्युटरची वर्षातून एकदा पूजा होते, एवढाच त्याचा उपयोग.

मामा म्हणाला, "तुझा सेन्सर चुकला तर तुला मार्क कमी पडतील. माझा चुकला तर चौदा घरांचा पगार हाय."

मी रागावले. रागातच हॉस्टेलला परत आले. रूममेटला म्हटलं, ही जुनी पिढी म्हणजे ना, बदलायलाच तयार नसते! रूममेट शांतपणे म्हणाली, "तुझ्या मामाने पहिलं सीएनसी कधी घेतलं?" मी आईला फोन करून विचारलं. २००७ साली. गाळ्याच्या रांगेत तेव्हा सगळ्यांकडे साधी लेथ होती, आणि मामाने मामीचे दागिने गहाण ठेवून सीएनसी आणलं होतं. आता बोला! ज्याने सोनं ठेवून मशीन आणलं, त्याला मी मागासलेला म्हणत होते.

आमच्या इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या सरांना मी ही सगळी रडकथा सांगितली. सर हसले आणि म्हणाले, लायब्ररीत एव्हरेट रॉजर्सचं 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' आहे, ते वाच. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात अभ्यास सोडून मी ते वाचलं (हे सरांनी वाचू नये).

रॉजर्स हा अमेरिकेतल्या आयोवाचा, शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांना नवीन यंत्रं आवडायची, पण मक्याचं संकरित बियाणं ते काही घेईनात. १९३६ साली दुष्काळ पडला. शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि रॉजर्सच्या वडिलांचा मका वाळून गेला. मग ते पटले. याच आयोवात दोन संशोधकांनी २५९ शेतकऱ्यांना भेटून संकरित मक्याचा अभ्यास केला होता, तो १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की दोघे सोडून सगळ्यांनी ते बियाणं घेतलं, पण एकदम नाही. आधी थोड्या तुकड्यात पेरलं, पुढच्या वर्षी थोडं जास्त, असं करत वर्षानुवर्षं लागली. उत्पन्न जास्त येतं हे माहीत असूनसुद्धा!

रॉजर्सचं पुस्तक १९६२ चं. नवीन गोष्ट लोक का घेतात याची पाच कारणं तो सांगतो. माझ्या भाषेत सांगते. आधीपेक्षा फायदा किती? आपल्या रीतीत बसतं का? समजायला सोपं आहे का? थोडं करून बघता येतं का? आणि झालेला फायदा डोळ्यांना दिसतो का? मी माझ्या बत्तीस स्लाइड्स या पाच प्रश्नांवर तपासल्या. पाचातला एकच कसाबसा पास. इंटर्नलला एवढे कमी मार्क मला कधी पडले नव्हते.

सर म्हणाले, एवढ्या लांब आयोवाला कशाला जायचं? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर केला. शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमिनीला विष होतं. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. आणि हे नांगर घेणारे काही खुळे नव्हते. ज्याच्याकडे एकच जमीन आहे, तो तिच्यावर प्रयोग कसा करेल?

ही 'एकच जमीन' माझ्या डोक्यात बसली. मामाची पण एकच जमीन होती.

२०२५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी इंटर्नशिप मामाकडेच करायचं ठरवलं. या वेळी लॅपटॉप उघडायचाच नाही, असा पण केला होता. पहिल्या दिवशी मी फक्त एक प्रश्न विचारला, "मामा, तुम्हाला सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची?"

मामा एका क्षणात म्हणाला, "लाईट बिल."

मग मी आठ दिवस नुसती शॉपवर फिरले. फोरमन अण्णांनी मला बसायला एक स्टूल दिलं आणि "ताई, साडी-ओढणी असलं काय घालू नका मशीनजवळ" एवढंच सांगितलं. अण्णा मामाच्या पहिल्या लेथपासूनचे. जेवायच्या सुट्टीत मशीनं थांबायची, तेव्हा सगळीकडून एक बारीक आवाज यायचा. सुस्स्स... कॉम्प्रेसरच्या हवेचा. चिप उडवायला, गेजला, व्हीएमसीला अशी सगळीकडे हवा लागते, आणि प्रत्येक जॉइंटमधून ती थोडी थोडी गळत होती. शॉपमधल्या कोणालाही तो आवाज ऐकू येत नव्हता, कारण तो रोजचाच होता.

सुट्टीच्या दिवशी मी मामाला म्हटलं, "आज मशीनं बंद आहेत. फक्त कॉम्प्रेसर सुरू करा." मामाला वाटलं पोरगी कंटाळली असेल. पण किल्ली घेऊन आला.

प्रयोग अगदी शाळेतला आहे, कोणीही करावा. हवा वापरणारं सगळं बंद ठेवायचं आणि कॉम्प्रेसर चालू करायचा. टाकी भरली की मोटर बंद पडते. गळती नसेल तर ती बंदच राहायला हवी. पण गळती असली की प्रेशर उतरतं आणि मोटर परत सुरू होते. किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, हे घड्याळ लावून मोजायचं. चालू वेळेला एकूण वेळेने भागलं की गळतीचं प्रमाण मिळतं.

मामा मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभा राहिला. मोटर दीड मिनिट चालली, साडेतीन मिनिटं बंद राहिली. परत दीड, परत साडेतीन. असं आम्ही पाच वेळा मोजलं. म्हणजे पाच मिनिटांतली दीड. तीस टक्के!

मामाचा कॉम्प्रेसर दहा हॉर्सपॉवरचा, म्हणजे साडेसात किलोवॅट. तीस टक्के म्हणजे सव्वादोन किलोवॅट. दोन शिफ्टचे वीस तास आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ११७० युनिट. युनिटला नऊ रुपये लावले तर १०,५३० रुपये. हा हिशेब मी केला नाही, मामाने केला. चलानच्या पाठीमागे, बॉलपेनने. आणि तो आकडा त्याने मराठीत मोठ्याने उच्चारला, "दहा हजार पाचशे तीस!" या वेळी मला दोन सेकंद लागले नाहीत.

"म्हणजे दर महिन्याला एवढं मी हवेत सोडतोय?"

"अक्षरशः हवेत, मामा."

दुसऱ्या दिवशी अण्णा, मी आणि एक हेल्पर असे तिघे साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन फिरलो. जिथे फुगे येतील तिथे खडूने खूण. एकूण तेवीस खुणा झाल्या. टेफ्लॉन टेप, क्लिपा, दोन कपलिंग, थोडी नळी, असा सगळा खर्च १,३४० रुपये. पुढच्या सुट्टीला परत मोजलं. मोटर एक मिनिट दहा सेकंद चालली आणि साडेदहा मिनिटं गप्प राहिली. तीसवरून दहा टक्के!

यात 'नवीन तंत्रज्ञान' काहीच नव्हतं हे मला कळतंय. साबण आणि घड्याळ. पण त्या दिवशी मामाने पहिल्यांदा माझ्याकडे भाची म्हणून नाही, तर इंजिनिअर म्हणून बघितलं. आणि चार दिवसांनी जेवताना आपणहून विचारलं, "ते तुझं दिवाळीचं काय होतं गं? मशीनला डबी लावायचं?"

मला उडी मारावीशी वाटली. पण मी शहाण्यासारखं म्हटलं, "सगळ्या मशीनला नको. एकाच मशीनला लावू. दीड हजार रुपये खर्च. महिनाभर बघू. नाही पटलं तर काढून टाकू."

"आणि लाईट गेल्यावर?"

"लाईट गेली तर मशीनपण बंदच असतं ना! आली की डबी आपोआप सुरू होईल."

मामा हसला. सहा महिन्यांनी का होईना, त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

डबी म्हणजे आमच्या मिनी प्रोजेक्टचीच वस्तू. मशीनच्या एका वायरभोवती चिमट्यासारखा बसणारा करंट सेन्सर आणि एक छोटा बोर्ड. वायर कापावी लागत नाही. तरी पॅनलचं काम मी केलं नाही, इलेक्ट्रिशियनकडून मेन बंद करूनच बसवलं. करंट जास्त असला तर कटिंग चालू, कमी असला तर मशीन नुसतं उभं. मोबाइलवर हिरवा आणि तांबडा पट्टा दिसतो. बस, एवढंच.

आणि इथे मी एक गोष्ट केली, जी लिहिण्यासाठीच खरं तर हा लेख लिहितेय.

तीन नंबरच्या मशीनवरच्या दादांनी मला विचारलं, "ताई, हे काय बसवलाय?" खरं सांगायला अर्धा तास लागला असता. त्यांना वाईट वाटलं असतं, अण्णांनी दहा प्रश्न विचारले असते, कदाचित मामा मागे फिरला असता. मी म्हटलं, "काही नाही दादा, लाईट बिलासाठी आहे."

अर्धं खरं होतं. कॉम्प्रेसरच्या यशानंतर ते सगळ्यांना पटलंही. मला वाटलं, आपण किती हुशार! एकेक पायरी चढतोय.

दहाव्या दिवशी मामा एका लग्नाला सांगलीला गेला होता. रात्री परत आल्यावर त्याने मोबाइलवर पट्टा बघितला. तीन नंबरचं मशीन दुसऱ्या शिफ्टला जवळजवळ दोन तास तांबडं! सकाळी शिफ्ट बदलायच्या वेळी, सगळ्यांच्या समोर, मामाने त्या दादांना झापलं. "मी गावाला गेलो की झोपा काढता का?" दादा काहीतरी बोलायला लागले, मग गप्प बसले. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. नुसतं बघितलं. मग डबा उचलून निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

मला अण्णांनी बाजूला बोलावलं. ते रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. म्हणाले, "ताई, त्या दिवशी आलेलं कास्टिंग कडक होतं. इन्सर्ट तुटत होत्या. नवीन इन्सर्ट कपाटात. कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. साहेब सांगलीला. पोरगं दोन तास फोन लावत होतं, लग्नाच्या बँडात साहेबांना रिंग ऐकू आली नाही. तुमच्या डबीत हे येत नाही काय?"

नाही येत, अण्णा. मशीन उभं होतं एवढंच माझ्या डबीत येतं. ते कशाने उभं राहिलं हे तिला कळत नाही. आणि ते विचारायचं असतं, हे मला कळलं नव्हतं.

रात्री गच्चीवर आजोबांजवळ जाऊन बसले. आजोबा राष्ट्रीयीकृत बँकेत होते, आणि युनियनचे जुने कार्यकर्ते. त्यांच्याकडून मला धीर हवा होता. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली.

ऐंशीच्या दशकात बँकांत कॉम्प्युटर येणार म्हणून आजोबांच्या युनियनने मोर्चे काढले होते. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांचं यांत्रिकीकरण सुरू झालं. पण शाखेत जी यंत्रं आली, त्यांचं नाव होतं 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. आजोबा म्हणाले, "आम्ही काय खुळे होतो? टेबलावर कॉम्प्युटर बसलाय हे दिसत होतं. पण त्याला लेजरचं मशीन म्हणायचं. आम्हीपण तसंच म्हणायचो. त्यांची सोय, आमचीपण सोय."

मी म्हटलं, "पण चाललं ना ते? हळूहळू आलं आणि सगळ्यांनी घेतलं."

"आलं की. मी स्वतः शिकलो, रिटायर होईपर्यंत त्याच्यावरच काम केलं. पुढं पटलंसुद्धा. पण मोर्चात आम्ही मशीनला भीत नव्हतो गं. मशीन आल्यावर आमचं काय होणार, हे समोर बसवून कुणी सांगावं, एवढंच हवं होतं. हळूहळू आणणं वेगळं आणि गुपचूप आणणं वेगळं. तू त्या पोराला काय सांगितलंस?"

मी काय सांगितलं होतं ते मी त्यांना सांगितलं. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मामाला सगळं सांगितलं. किल्लीचं, आणि माझ्या खोटं बोलण्याचंही. मामा बराच वेळ गप्प होता. संध्याकाळी म्हणाला, "चल." आम्ही दोघे गाडीवरून त्या दादांच्या घरी गेलो. मामाने दारातच सांगितलं, "चूक माझी. किल्ली माझ्या खिशात होती." मी म्हटलं, "माझी पण. डबी लाईट बिलासाठी नव्हती." दादांच्या आईने चहा केला. दादा म्हणाले, "ताई, आधी सांगितलं असतं तर मीच तुम्हाला सांगितलं असतं, मशीन कुठं कुठं थांबतंय ते. रोज आम्हीच बघतोय की."

इतकं साधं होतं! मी ज्यांच्यापासून लपवत होते, त्यांच्याकडेच माझ्या डेटाचा उरलेला अर्धा भाग होता.

दादा कामावर आले. डबी मात्र मी काढून टाकली. नाही पटलं तर काढू असा शब्द दिला होता, तो पाळायला हवा होता. मामा "राहू दे की" म्हणत होता, पण ती फक्त मामाला पटून चालणार नव्हतं. सुट्टी संपली, मी हॉस्टेलला आले. रिपोर्टमध्ये कॉम्प्रेसरचं लिहिलं आणि डबीचं प्रकरण 'फ्युचर स्कोप' मध्ये ढकललं. (आपण सगळे जे ढकलायचं ते तिथेच ढकलतो!)

गणपतीच्या सुट्टीच्या आधी अण्णांचा फोन आला. "ताई, ती डबी आणा परत. पण पट्टा आधी आम्हाला दिसला पाहिजे, साहेबांना मागनं."

मला कळेना. अण्णांनी समजावलं. एका पार्टीने उशिराबद्दल मामाचे पैसे कापले होते. खरं म्हणजे त्यांचंच कास्टिंग दोन दिवस उशिरा आलं होतं. पण मशीन मालाअभावी उभं होतं याचा पुरावा कुठे होता? दादा म्हणाले होते, तेव्हा ताईची डबी असती तर...

आता डबी परत बसली आहे. या वेळी अण्णांच्या अटींवर. मशीनशेजारी एक पांढरा बोर्ड आहे. मशीन दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की ऑपरेटर त्यावर कारण लिहितो. इन्सर्ट, माल, सेटिंग, लाईट, चहा (हो, चहासुद्धा, आणि तो लिहायला कोणी घाबरत नाही). शिफ्टच्या शेवटी अण्णा पट्टा आणि बोर्ड एकत्र बघतात, मग मामा बघतो. पहिल्या महिन्यातच दिसलं की सगळ्यात जास्त वेळ 'इन्सर्ट' खाली जातोय. उपाय काय झाला? इन्सर्टच्या कपाटाची दुसरी किल्ली. अण्णांच्या खिशात. खर्च चाळीस रुपये.

मागच्या दिवाळीत दुसऱ्या मशीनलाही डबी लागली. बाकीच्यांना अजून नाही. केबिनमधल्या कॉम्प्युटरवरचा टॉवेल तसाच आहे. क्लाउडचं नाव काढलं की मामा खिडकीतून आकाशाकडे बघतो. माझ्या बत्तीस स्लाइड्सपैकी मोजून दोन प्रत्यक्षात आल्या. मैत्रिणी म्हणतात, या वेगाने तू इंडस्ट्री फोर पॉइंट झीरोला पोचेपर्यंत सिक्स पॉइंट झीरो येईल!

येऊ दे. पुढच्या वर्षी आपल्यातले निम्मे जण कुठल्या ना कुठल्या कंपनीत जाऊन कुणाला तरी काहीतरी 'नवीन' पटवत असतील. मला वाटतं, पायरी लहान ठेवा हे तर खरंच, पण ती पायरी समोरच्याला पूर्ण दिसली पाहिजे आणि तिथून 'नको' म्हणून परत फिरता आलं पाहिजे. मालकालाही आणि मशीनवरच्या माणसालाही. तसं नसेल तर आपण त्यांना वर नेत नाही, फक्त ढकलत असतो.

परवा मामाचा फोन आला होता. म्हणाला, "अगं, कॉम्प्रेसरची हवा परत गळायला लागलीय वाटतं. जेवायच्या सुट्टीत आवाज येतोय."

मी म्हटलं, "मामा, तुम्हाला आवाज ऐकू आला?"

"मला न्हाई. तीन नंबरवरच्या पोराला आला. साबणाचं पाणी घेऊन तोच फिरतोय."